'प्रसाद' म्हणजे स्पष्टताही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसाद म्हणजे देवळात मिळतो तो ना? त्याचा स्पष्टतेशी काय संबंध?

देवळातला प्रसाद हा या शब्दाचा आज सर्वांत ओळखीचा अर्थ आहे, पण सर्वांत जुना नाही. संस्कृतात 'प्रसाद' म्हणजे आधी नितळपणा. पाणी स्वच्छ होणे, आकाश निरभ्र होणे, मन शांत होऊन त्यात नीट दिसू लागणे आणि बोलणे ऐकताक्षणी समजणे, या सगळ्यांना हा एकच शब्द होता. त्यातूनच मर्जी, कृपा, देवाने प्रसन्न होऊन दिलेली वस्तू आणि शेवटी हातावर पडणारा शिरा, असा त्याचा प्रवास झाला.

मराठीत नितळपणाचा अर्थ पूर्णपणे गेलेला नाही. एखाद्याच्या लेखनाला आपण 'प्रसादपूर्ण' किंवा 'प्रासादिक' म्हणतो, शाळेच्या व्याकरणात माधुर्य, ओज आणि प्रसाद हे काव्यगुण पाठ करतो, 'मन प्रसन्न झाले' असे रोज म्हणतो. मात्र हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, आणि ते मूळ स्वच्छ पाण्याचे आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. हे पान त्यासाठी लिहिले आहे.

शब्दाची फोड कशी होते?

प्र + सद्. सद् धातूचे धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) दिलेले अर्थ विशरण, गती आणि अवसादन असे आहेत. म्हणजे विस्कळीत होणे, जाणे, खाली बसणे. मराठीत या धातूची मोठी नातलगमंडळी आहेत : सदन, सभासद, परिषद, संसद, उपनिषद, विषाद. हिंदीत गाळाच्या खडकांना 'अवसादी' म्हणतात, तोही याच घरातला.

गढूळ पाण्याची घागर हलवली नाही तर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. माती तळाला बसते, वर पाणी नितळ राहते. हे 'बसणे' म्हणजे सद्, आणि ते नीट, पुरते झाले की प्रसाद. पाण्याला 'प्रसन्न' म्हणायचे ते या अर्थाने. प्रसन्न हे त्याच धातूचे भूतकालवाचक विशेषण आहे, 'जे निवळले आहे ते'.

मला या व्युत्पत्तीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की स्पष्टता बाहेरून आणून घालावी लागत नाही. पाण्यात नवे काही मिसळलेले नसते, फक्त गाळ खाली गेलेला असतो. लेखनात स्पष्टता आणायची म्हणून समजावणीची वाक्ये वाढवत नेणारे पुष्कळ भेटतात. या शब्दाच्या पोटात नेमका उलटा सल्ला आहे.

पाण्यासाठी हा शब्द खरोखर वापरत होते, की ही कल्पना आहे?

खरोखर वापरत होते, आणि भरपूर.

रामायणाच्या बालकांडात दुसऱ्या सर्गात वाल्मीकी तमसेच्या काठी स्नानाला जातात. क्रौंचवधाचा प्रसंग अजून घडायचा आहे. पाणी पाहून ते शिष्य भरद्वाजाला म्हणतात : 'अकर्दममिदं तीर्थं भरद्वाज निशामय। रमणीयं प्रसन्नाम्बु सन्मनुष्यमनो यथा॥' इथे चिखल नाही, पाणी 'प्रसन्न' आहे, सज्जनाच्या मनासारखे. पुढे शोकातून श्लोक जन्मतो, पण त्याच्या काही क्षण आधी आदिकवीने जे पाहिले ते हे निवळलेले पाणी होते. पाणी आणि मन एका शब्दात बांधण्याचे यापेक्षा सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

रघुवंशाच्या चौथ्या सर्गात कालिदास शरद ऋतूचे वर्णन करतो : 'प्रससादोदयादम्भः कुम्भयोनेर्महौजसः।' कुंभयोनी म्हणजे अगस्त्य. पावसाळा सरताना अगस्त्याचा तारा पहाटे दक्षिणेकडे दिसू लागतो आणि तेव्हा नद्यांचे पाणी निवळते, ही जुनी समजूत आहे. तिच्यामागे साधे निरीक्षण आहे. पाऊस ओसरला की डोंगरावरून वाहून येणारी माती थांबते, प्रवाह संथ होतो, गाळ बसतो. भाद्रपद संपताना आपल्या नद्यांच्या काठी हे दर वर्षी दिसते. श्लोकाच्या पुढच्या ओळीत मात्र शत्रूंची मने रघूच्या धाकाने ढवळली जातात, 'चुक्षुभे'. पाणी निवळले आणि मने गढूळ झाली. कालिदासाला प्रसादाचा विरुद्धार्थ नेमका कोणता हे ठाऊक होते : क्षोभ.

आणि मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातला हा श्लोक पाहा : 'फलं कतकवृक्षस्य यद्यप्यम्बुप्रसादकम्। न नामग्रहणादेव तस्य वारि प्रसीदति॥' कतकाचे फळ पाणी निवळवते हे खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही.

हे कतक म्हणजे काय?

मराठीत निवळी किंवा निर्मळी. झाडाची बी चपटी, गोल, बटणासारखी असते. ती घागरीच्या किंवा रांजणाच्या आतल्या बाजूला उगाळून त्यात पाणी भरले, की बियांतील चिकट द्रव्ये पाण्यातले मातीचे बारीक कण एकमेकांना बांधतात. कण जड होतात, तळाला बसतात. तुरटी फिरवल्यावर होते तेच, फक्त झाडाच्या बीने. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाण्याची सात 'प्रसादने' दिली आहेत, त्यांत पहिले नाव कतकाचे आहे. बाकीची म्हणजे गोमेद, कमळाच्या मुळाची गाठ, शेवाळाचे मूळ, कापड, मोती आणि मणी. कापडातून पाणी गाळणे हेही तिथे 'प्रसादन'च आहे.

पाणी निवळले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नाही, एवढी सूचना इथे आवश्यक आहे. पिण्यासाठी उकळावेच लागते.

म्हणजे 'निवळणे' आणि 'प्रसाद' एकच का?

अर्थाने जवळजवळ एकच. मराठीने संस्कृतातला 'प्रसाद' देवघरात ठेवला आणि रोजच्या कामाला 'निवळणे' हे क्रियापद घेतले. मग त्याच्याकडून तीच सगळी कामे करून घेतली : पाणी निवळले, आभाळ निवळले, गावातले वातावरण निवळले, दोघांतले संबंध निवळले. पाण्यापासून मनापर्यंतची वाट दोन्ही शब्दांनी आपापली चालली आहे.

फरक एवढाच की 'निवळणे' ही घडण्याची क्रिया सांगते, तर 'प्रसाद' ही स्थिती सांगतो आणि त्यासोबत एक समाधानही सांगतो. निवळलेल्या पाण्याकडे पाहून डोळ्यांना जे बरे वाटते ते 'प्रसन्न' या शब्दात धरलेले आहे.

भाषेच्या संदर्भात 'प्रसाद' हा गुण पहिल्यांदा कुठे आला?

भरताच्या नाट्यशास्त्रात काव्याचे दहा गुण मोजले आहेत : श्लेष, प्रसाद, समता, समाधी, माधुर्य, ओज, सौकुमार्य, अर्थव्यक्ती, उदारता आणि कांती. तिथपासून जवळजवळ प्रत्येक काव्यशास्त्रकाराने प्रसादाची आपापली व्याख्या केली. सगळ्या इथे देत नाही. चार पुरेत, कारण या चारांत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

भामह म्हणतो : 'आविद्वदङ्गनाबालप्रतीतार्थं प्रसादवत्।' विद्वानांपासून स्त्रिया आणि मुलांपर्यंत सर्वांना ज्याचा अर्थ कळतो ते प्रसादयुक्त. त्या काळी ज्यांना शास्त्राचे शिक्षण मिळत नसे त्यांची ही यादी आहे, आजच्या वाचकाला ती खटकेल आणि खटकावी. पण व्याख्येचा रोख बघण्यासारखा आहे. कसोटी लेखकाकडे नाही, ऐकणाऱ्याकडे आहे.

दंडी काव्यादर्शात म्हणतो, प्रसादयुक्त म्हणजे 'प्रसिद्धार्थ', शब्द लोकांच्या ओळखीच्या अर्थाने वापरलेला. तो लगेच उदाहरण देतो, आणि मला हे उदाहरण फार आवडते. चंद्रावरचा डाग त्याची शोभा वाढवतो, एवढेच सांगायचे आहे. प्रसादाने सांगितले तर : 'इन्दोरिन्दीवरद्युति लक्ष्म लक्ष्मीं तनोति', चंद्राचा निळ्या कमळासारखा डाग त्याची शोभा वाढवतो. आणि व्युत्पत्तीची हौस असलेल्यांनी सांगितले तर : 'अनत्यर्जुनाब्जन्मसदृक्षाङ्को वलक्षगुः'. इथे अर्जुन म्हणजे पांढरा, अनत्यर्जुन म्हणजे फारसा पांढरा नसलेला, अब्जन्म म्हणजे पाण्यात जन्मलेले कमळ, वलक्षगु म्हणजे शुभ्र किरणांचा, अर्थात चंद्र. व्याकरणात एक चूक नाही. अर्थही तोच. फक्त तो मिळवायला वाचकाला खणावे लागते. दंडीच्या मते पहिली रीत वैदर्भांची, दुसरी गौडांची, म्हणजे बंगालकडची. दहा गुण हे वैदर्भ मार्गाचे प्राण आहेत असे तो म्हणतो, आणि ज्या रीतीला विदर्भाचे नाव मिळाले तिच्या प्राणांत प्रसाद आहे याचा मराठी माणसाला आनंद वाटायला हरकत नाही. अर्थात ही नावे शैलीची आहेत, प्रांतातल्या प्रत्येकाची नव्हेत.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने दहा गुणांचे तीन केले : माधुर्य, ओज, प्रसाद. माधुर्य शृंगार-करुणाला शोभते, ओज रौद्राला, पण प्रसाद सर्व रसांना लागतो, असे त्याने सांगितले. त्याच्या मते काव्याने सगळे रस वाचकापर्यंत पोचवणे म्हणजे प्रसाद. म्हणून तो 'सर्वसाधारण' गुण. इतर दोन असले काय नसले काय, याच्यावाचून चालत नाही.

अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात त्याला दोन उपमा दिल्या : 'शुष्केन्धनाग्निवत् स्वच्छजलवत्सहसैव यः। व्याप्नोत्यन्यत् प्रसादोऽसौ...' वाळक्या सरपणात आग जशी, स्वच्छ पाणी जसे, तसा जो एकदम मनाला व्यापतो तो प्रसाद. यातला 'सहसैव' हा शब्द सोडू नये. अर्थ कळणे पुरेसे नाही, तो अडखळल्यावाचून कळायला हवा.

अर्थव्यक्ती आणि प्रसाद यांत फरक कोणता?

अर्थव्यक्ती म्हणजे वाक्यात सांगायचे ते पूर्ण सांगितलेले असणे, वाचकाला आपल्या पदरचे काही घालावे न लागणे. प्रसाद म्हणजे जे सांगितले ते चटकन पोचणे. भाडेकरारात सगळे कलम असते, तरी तो वाचताना डोके दुखते. तिथे अर्थव्यक्ती आहे, प्रसाद नाही.

सोपे शब्द वापरले की प्रसाद आला, असे समजावे का?

नाही, आणि ही सर्वांत मोठी गैरसमजूत आहे.

'तिने तिला तिच्या घरी जायला सांगितले.' या वाक्यात पहिलीतल्या मुलाला न कळणारा एकही शब्द नाही. पण कुणी कुणाला कुणाच्या घरी जायला सांगितले? वाक्य गढूळच आहे. उलट 'गुरुत्वाकर्षणामुळे वस्तू खाली पडतात' यात सहा अक्षरी तत्सम शब्द आहे, तरी वाक्य नितळ आहे, कारण तो शब्द शाळेत गेलेल्या प्रत्येकाला एकाच अर्थाने माहीत आहे. दंडीची 'प्रसिद्धार्थ' ही कसोटी म्हणूनच पक्की वाटते. शब्द संस्कृत आहे की फारसी आहे की इंग्रजीतून आलेला, हा प्रश्न त्यात येतच नाही. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना तो ओळखीचा आहे का, एवढेच बघायचे. दवाखान्यात डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी ज्या भाषेत बोलतात ती त्या दोघांपुरती प्रसादपूर्ण असू शकते. तीच भाषा पेशंटच्या आईसमोर वापरली की प्रसाद गेला.

सरकारी पत्रांचे उदाहरण घेऊ. 'सदर इसमाने विहित मुदतीत उपरोक्त दस्तऐवज सादर न केल्यास त्याचा अर्ज निकाली काढण्यात येईल.' लोक म्हणतात, यात 'विहित', 'उपरोक्त' असे जड शब्द आहेत म्हणून हे अवघड आहे. मला खरा अडथळा 'निकाली काढणे' इथे दिसतो. अर्ज निकाली निघाला म्हणजे मंजूर झाला की फेटाळला? कचेरीत बसणाऱ्याला ते माहीत असते, अर्जदाराला नसते. 'ठरलेल्या तारखेपर्यंत ही कागदपत्रे मिळाली नाहीत तर अर्ज रद्द होईल' असे लिहिले की काय होणार ते उघड होते. ज्या बाईला तालुक्याच्या गावी एसटीने दोन खेपा घालाव्या लागतात तिच्यासाठी हा शैलीचा प्रश्न नाही. तिची एक खेप वाचते.

प्रसादाच्या विरुद्ध दोषांना काही नावे आहेत का?

आहेत. क्लिष्ट (अर्थ उशिरा, कष्टाने कळणे), नेयार्थ (शब्दात नसलेला अर्थ ओढून आणावा लागणे), अप्रतीत (एखाद्या शास्त्रातच चालणारा शब्द बाहेर वापरणे), संदिग्ध (दोन अर्थ शक्य असणे). वरचे 'तिने तिला तिच्या' हे संदिग्ध, 'वलक्षगु' हे क्लिष्ट. मराठीत आपण सगळ्यांना मिळून 'दुर्बोध' म्हणतो, पण वेगळी नावे हाताशी असली की स्वतःचे लेखन तपासताना नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळते.

मग कवितेतली गूढता हा दोष झाला का?

नाही. चांगल्या कवितेत अर्थाचे थर असतात आणि खालचे थर हळूहळू उमगतात. प्रसाद पहिल्या थराबद्दल बोलतो. ज्ञानेश्वरीतल्या दृष्टांताचे चित्र एका वाचनात डोळ्यांपुढे उभे राहते, त्यातले तत्त्व आयुष्यभर पुरते. खोल पाणीही नितळ असू शकते, आणि गढूळ डबके खोल नसते.

गीतेत 'प्रसाद' कोणत्या अर्थाने आला आहे?

दोन्ही. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत 'प्रसादमधिगच्छति', म्हणजे त्याला प्रसाद लाभतो, असे येते, आणि पुढे : 'प्रसादे सर्वदुःखानां हानिरस्योपजायते। प्रसन्नचेतसो ह्याशु बुद्धिः पर्यवतिष्ठते॥' इथे देवाच्या कृपेचा विषय नाही. रागद्वेष खाली बसले की मन नितळ होते आणि नितळ मनाची बुद्धी लवकर स्थिर होते, असा सरळ क्रम आहे. सतराव्या अध्यायातला 'मनःप्रसाद' आणि अठराव्यातला 'आत्मबुद्धिप्रसादज' हेही याच जातीचे.

पण अठराव्याच अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणतो, 'नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा त्वत्प्रसादान्मयाच्युत', तेव्हा प्रसाद म्हणजे कृपा. तरीही त्या कृपेने त्याला मिळाले काय? मोह गेला, आठवण आली, संशय फिटला. पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग आणि शेवटच्या अध्यायात त्याच्या तोंडी प्रसाद. दोन्ही शब्द सद् धातूचे. एकात माणूस खचून खाली बसतो, दुसऱ्यात त्याच्या मनातला गाळ.

दुसऱ्या अध्यायातल्या त्या श्लोकावर ज्ञानदेव लिहितात : 'देखें अखंडित प्रसन्नता । आथी जेथ चित्ता । तेथ रिगणें नाहीं समस्तां । संसारदुःखां ॥' रिगणे म्हणजे शिरणे. जिथे प्रसन्नता अखंड आहे तिथे दुःखाला शिरायला वाव नाही.

'पसायदान' यातला पसाय हा प्रसादच का?

होय. संस्कृत 'प्रसाद', प्राकृतात 'पसाय', आणि जुन्या मराठीत 'पसाय', 'पसावो'. 'तोषोनि मज द्यावें । पसायदान हें' यात पसायदान म्हणजे प्रसन्न होऊन दिलेले दान, आणि शेवटच्या ओवीत विश्वेशराव, म्हणजे विश्वाचे स्वामी, म्हणतात 'हा होईल दानपसावो'. इथे अर्थ कृपेचाच आहे. 'स्पष्टतेचे दान' असा अर्थ ओढूनताणून काढू नये. शके 1212 मध्ये मराठीत कृपेचा अर्थ किती रुळला होता, याची ही साक्ष आहे.

तुकोबांच्या 'मन करा रे प्रसन्न' मध्ये प्रसन्न म्हणजे आनंदी का?

आज आपण तसे वाचतो आणि म्हणूनच ती ओळ कॅलेंडरवर सुविचारासारखी छापली जाते. पण पुढे वाचले की चित्र बदलते : 'सर्व सिद्धीचें कारण । मोक्ष अथवा बंधन । सुख समाधान इच्छा ते ॥' बंधनही मनामुळेच. नुसते खूश राहा म्हणणाऱ्याला बंधनाचे नाव काढायचे कारण नव्हते. मन ढवळलेले असेल तर तेच बांधते, निवळले तर तेच सोडवते, असा अर्थ मला इथे जास्त पटतो. 'करा' हे क्रियापदही महत्त्वाचे आहे. प्रसन्नता ही आपसूक येणारी लहर नाही, करण्याची गोष्ट आहे.

'प्रासादिक' म्हणजे काय? प्रासाद म्हणजे राजवाडा ना?

प्रासाद (पहिले अक्षर दीर्घ) म्हणजे राजवाडा किंवा देऊळ. प्रसाद (पहिले अक्षर ऱ्हस्व) म्हणजे आपला विषय. विशेषण करताना संस्कृतच्या नियमाने पहिल्या स्वराची वृद्धी होते, समाज-सामाजिक, शरीर-शारीरिक, तसे प्रसाद-प्रासादिक. म्हणून 'प्रासादिक वाणी' या शब्दाचा राजवाड्याशी संबंध नाही. 'प्रसादिक' असे लिहिलेले पुष्कळदा दिसते, जुन्या पोथ्यांतही दिसते, पण आजच्या लेखनात 'प्रासादिक' लिहावे.

मराठीत या शब्दाला दोन छटा आहेत. एक, सहज आणि नितळ. दुसरी, ईश्वराच्या प्रसादाने स्फुरलेली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार केले, तिथे दुसरी छटा आहे : विषयांवरून मन उडालेल्या भक्ताच्या तोंडून जे आपोआप येते ते प्रासादिक. पण त्याच समासात चांगल्या कवित्वाची लक्षणे सांगताना ते म्हणतात, 'कवित्व असावें निर्मळ । कवित्व असावें सरळ । कवित्व असावें प्रांजळ । अन्वयाचें ॥' म्हणजे पहिली छटाही त्यांना हवीच होती. प्रांजळ अन्वय म्हणजे कोणता शब्द कोणाशी जोडायचा हे वाचकाला शोधावे न लागणे. आज आपण प्रांजळ हा शब्द कबुलीपुरताच ठेवला आहे, वाक्यरचनेला तो पुन्हा लावायला हवा असे मला मनापासून वाटते.

बौद्ध परंपरेतही हा शब्द आहे का?

आहे, आणि तिथे तो श्रद्धेच्या अगदी शेजारी आहे. पालीत 'पसाद' म्हणजे निर्मळ विश्वास. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात मिलिंद राजाला भिक्खू नागसेन सांगतो, की चक्रवर्तीकडे पाणी निवळवणारा मणी असतो. सैन्य नदी ओलांडताना पाणी ढवळते, तेव्हा तो मणी टाकला की चिखल बसतो आणि पाणी पिण्याजोगे होते. श्रद्धा मनाला तसेच करते. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या परंपरेत श्रद्धेची व्याख्याच 'चित्ताचा प्रसाद' अशी आहे. डोळे मिटून मान्य करणे म्हणजे श्रद्धा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही व्याख्या जरूर पाहावी. राजस्थानात बैराट इथे मिळालेल्या लेखात सम्राट अशोकानेही बुद्ध, धम्म आणि संघ यांच्याविषयीचा आपला गौरव आणि प्रसाद सांगितला आहे.

आयुर्वेदात प्रसाद कशाला म्हणतात?

खाल्लेल्या अन्नाचे पचनानंतर दोन भाग होतात असे आयुर्वेद मानतो : सारभूत तो प्रसाद, टाकाऊ तो किट्ट किंवा मल. डोळ्यांच्या अंजनांचे लेखन (खरवडून काढणारे), रोपण (भरून आणणारे) आणि प्रसादन असे प्रकार आहेत, त्यांतले प्रसादन दृष्टी स्वच्छ करणारे. आणि सुश्रुताची निरोगी माणसाची प्रसिद्ध व्याख्या 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः' या शब्दावर येऊन थांबते.

स्पष्टतेपासून शिऱ्यापर्यंत अर्थ कसा आला?

पाण्यावरून मनावर, मनावरून मुद्रेवर. राजाचा किंवा देवाचा क्षोभ निवळला, तो प्रसन्न झाला, म्हणजे त्याची मर्जी आपल्याकडे वळली. स्तोत्रांतले 'प्रसीद' हे मागणे त्याचे आहे. मर्जीचे चिन्ह म्हणून जे हातात पडले तेही प्रसाद झाले. म्हणून नैवेद्य आणि प्रसाद यांत फरक करतात : नैवेद्य आपण दाखवतो, प्रसाद आपल्याला मिळतो. पदार्थ तोच असतो. सत्यनारायणाचा सव्वाच्या मापाचा शिरा पूजेआधी नैवेद्य आणि नंतर प्रसाद. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात मिळतो तो कडाह प्रसादही याच शब्दाचा, आणि शीखांच्या मूलमंत्रातले 'गुर प्रसादि' म्हणजे गुरूच्या कृपेने.

गोव्यात आणि कोकणात देवाला प्रसाद लावतात, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या किंवा कळे चिकटवून कौल मागतात. उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार, असे साधारण मानतात, ठिकाणागणिक पद्धत बदलते. इथला प्रसाद ना खायचा ना वाटायचा. तो देवाचा उलगडा आहे. शब्दाचा जुना अर्थ या वापराच्या किती जवळ येऊन पोचला आहे!

'पाठीत धपाट्यांचा प्रसाद मिळाला' हा वापर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

स्पष्ट, विशद, सुबोध, नितळ यांतला कोणता शब्द कधी वापरावा?

'स्पष्ट' म्हणजे नीट दिसणारे. त्याला धारही असते, स्पष्टवक्त्याचे बोलणे लागू शकते. 'विशद' म्हणजे पसरून, फोडून सांगितलेले, म्हणून कल्पना विशद करतात. 'सुबोध' म्हणजे समजायला सोपे, पाठ्यपुस्तकाला शोभणारे. 'नितळ' हा सुंदर देशी शब्द पाणी, त्वचा, आवाज, हसू यांना लावतात. 'प्रसाद' तेव्हा वापरावा जेव्हा समजण्याबरोबर मनाला समाधानही झाले असेल. रेल्वेचे वेळापत्रक स्पष्ट असावे, त्याला प्रसादपूर्ण म्हणू नये. आजीने सांगितलेली गोष्ट प्रसादपूर्ण असते.

वाक्यात वापरायचा तर कसा?

'तिच्या निबंधात प्रसाद आहे.' 'भाषांतर अचूक आहे, पण मुळातला प्रसाद उतरला नाही.' 'त्यांचे व्याख्यान विद्वत्तापूर्ण असूनही प्रासादिक होते.' 'चार दिवस गावी राहिलो आणि मनाला प्रसाद लाभला.' शेवटच्या वाक्यात ऐकणारा पेढ्याचा अर्थ घेण्याची शक्यता आहे. बोलताना तिथे 'मन निवळले' म्हणावे, तेच जास्त प्रसिद्धार्थ आहे.

मुलाचे नाव प्रसाद आहे. तो अर्थ विचारतो, काय सांगू?

देवाने दिलेली भेट, हा अर्थ घरात सांगितला जातोच आणि तो बरोबर आहे. गुरुप्रसाद, देवीप्रसाद या नावांत तोच आहे. त्याच्या जोडीला दुसराही सांगा. पावसाळ्यानंतर जवळच्या नदीवर किंवा तळ्यावर घेऊन जा, तळाचे गोटे दिसू लागले की ते पाणी दाखवा आणि म्हणा, याला प्रसन्न म्हणतात आणि हे होण्याला प्रसाद. निवळीच्या बिया कुणाकडे मिळाल्या तर गढूळ पाण्याच्या दोन ग्लासांपैकी एकात उगाळून दाखवा. मूल शाळकरी असेल तर विज्ञानाच्या प्रकल्पालाही ते चालेल.